घाटावरची थंड पट्टी: हवेच्या डेटाचे आडवे काप काढायला लागलेल्यांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात काढलेला एक नकाशा मी अजून जपून ठेवलाय. विषय होता २६ जुलै २००५. पुण्या-मुंबईत हवामानशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी जणांनी या दिवसावर काम केलंय, कारण सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि तिथून फार लांब नसलेल्या कुलाब्याला जेमतेम ७३, हे कोडं कुणालाही ओढून घेतं. मी डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या संगणकीय मॉडेलचा नऊ किलोमीटर ग्रिडचा रन केला होता आणि ज्याला मी ‘सातशे मीटरवरचं तापमान’ म्हणत होते त्याचा आडवा काप, म्हणजे त्या एकाच उंचीवरच्या हवेचा नकाशा, काढला होता. नकाशावर नाशिकच्या बाजूपासून खाली कोल्हापूरपर्यंत एक निळी पट्टी उतरत होती. आजूबाजूच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड, कडा रेखीव, बरोबर सह्याद्रीच्या माथ्यावरून.

मला त्याचं कारणही लगेच सापडलं. घाटावर पाऊस सर्वात जास्त, पडता पडता त्यातलं काही पाणी वाफ होतं, वाफ व्हायला उष्णता लागते, म्हणून हवा गार. वाचायला बरं वाटतं ना? चर्चेच्या प्रकरणात दोन पानं लिहिली. गाइडनी मान डोलावली. डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये तोच नकाशा पहिल्या स्लाइडवर टाकला.

ती पट्टी हवेत नव्हतीच. माझा कापच आडवा नव्हता.

मी वाईची. लहानपणापासून पसरणीचा घाट चढून पाचगणीला किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. वाई सातशे-सव्वासातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. वर पोचलं की आई पिशवीतून स्वेटर काढायची. वर गेलं की गार लागतं हे ज्या मुलीला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, तिने तेच गार लागणं संगणकावर बघितलं आणि त्याला पावसाच्या बाष्पीभवनाचं नाव दिलं. हे आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो. म्हणून लिहितेय. नेटसीडीएफ फाइल उघडणं, पायथनमध्ये नकाशा काढणं, रन कसा लावायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. त्यासाठी शिकवण्या ढिगाने आहेत. मी अडकले त्या जागेबद्दल मात्र मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

तर झालं असं होतं. डब्ल्यूआरएफच्या फाइलमध्ये उभ्या दिशेला ‘बॉटम-टॉप’ नावाची मिती असते, म्हणजे खालून वर रचलेले हवेचे थर, लेव्हल. मी तापमान काढलं आणि त्यातली नववी लेव्हल उचलली. मुंबईसमोरच्या समुद्रावर त्या लेव्हलची उंची तपासली, ती सातशे मीटरच्या जवळ आली. झालं, ‘सातशे मीटर’ असं शीर्षक देऊन मोकळी झाले. पण मॉडेलच्या लेव्हल सपाट नसतात. त्या जमिनीला धरून चालतात. डोंगर आला की चादर उशीवरून जाते तशा वर चढतात, पलीकडे उतरतात. चादरीचा प्रत्येक धागा समुद्रावरही नववाच असतो आणि घाटावरही नववाच, पण उंची वेगळी.

हे मला वाचून माहीत होतं. परीक्षेत इटा कोऑर्डिनेटची, म्हणजे याच जमिनीला धरून चालणाऱ्या लेव्हलच्या मापाची, व्याख्या लिहून गुणही मिळवले होते. तरीही फसले. म्हणून तुम्ही नुसतं वाचून पुढे जाऊ नका, कागद घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. दहा मिनिटं लागतात.

मॉडेलचं छत, म्हणजे सगळ्यात वरची हद्द, ५० हेक्टोपास्कलवर धरा. (हे हवेच्या दाबाचं एकक, आणि वर जाल तसा दाब कमी होतो.) आपली लेव्हल इटा ०.९२ ची (इटा जमिनीवर १, छतावर ०). समुद्रावर पृष्ठभागाचा दाब जुलैत साधारण १००४. छत आणि पृष्ठभाग यांतला फरक ९५४, त्याच्या ०.९२ पट म्हणजे ८७८, त्यात छताचे ५० मिळवा: ९२८ हेक्टोपास्कल. म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळपास सातशे मीटर. आता घाटमाथ्यावर या. मॉडेलमधला घाट समजा साडेनऊशे मीटर उंच, तिथे पृष्ठभागाचा दाब ९०० च्या आसपास. फरक ८५०, त्याच्या ०.९२ पट ७८२, अधिक ५०: ८३२ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीपासून ही उंची येते साधारण साडेसोळाशे मीटर. लेव्हल तीच, इटा तोच, आणि उंचीत सुमारे एक किलोमीटरचा फरक. पावसाळ्यातल्या दमट हवेत एक किलोमीटर वर गेलं की तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. माझी पट्टी चार-पाच अंशांची होती. पट्टीचा सगळा हिशेब इथेच संपला, बाष्पीभवनाला काही उरलंच नाही.

(डब्ल्यूआरएफच्या चौथ्या आवृत्तीपासून हायब्रिड कोऑर्डिनेट आपोआप चालू असतो, त्यात वरच्या लेव्हल हळूहळू सपाट होत जातात. त्यावर भिस्त ठेवू नका. खालच्या दोन-तीन किलोमीटरांत, म्हणजे आपला सगळा घाट जिथे आहे तिथे, त्या जमिनीलाच चिकटून असतात.)

ही चूक ओळखायला इतकी अवघड का, तेही सांगते. चूक असलेला नकाशा घाणेरडा दिसत नाही. त्यात ठिपके नसतात, तुटलेल्या रेषा नसतात, प्रोग्राम कुठली सूचना देत नाही. उलट तो खऱ्या नकाशापेक्षा जास्त सुंदर दिसतो, कारण त्यात डोंगररांगेचा ओळखीचा आकार असतो आणि ओळखीचा आकार दिसला की आपल्याला वाटतं, मॉडेलने काय अचूक पकडलंय! आर्द्रतेचा नकाशा काढलात तर घाटावर कोरडी पट्टी येईल. पोटेन्शियल टेम्परेचर (हवा खाली एका ठरावीक दाबाला आणली तर येईल ते तापमान) काढलंत तर तीच पट्टी उबदार येईल, कारण ते उंचीबरोबर वाढतं. प्रत्येक पट्टीसाठी एकेक कारण पुस्तकात सापडेल. हवामानशास्त्रात कारणांची वानवा नाही, आणि नवशिक्यासाठी तीच सगळ्यात मोठी भीती आहे.

मला यातून बाहेर काढलं ते एका निवृत्त निरीक्षकांनी. ओळखीच्या घरी भेटले होते. वयाची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी फुगे सोडण्यात आणि हाताने चार्ट काढण्यात घालवली होती. मी हौसेने लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे कुठल्या दाबाला?”

मी म्हटलं, “काका, दाबाला नाही, नवव्या लेव्हलला. सातशे मीटर.”

“महाबळेश्वरवर पण सातशे?”

मी गप्प. महाबळेश्वर स्वतःच साडेतेराशे मीटरवर आहे.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “कोरड्या दिवसाचा काढून बघ बाळ. पट्टी गेली तर पावसाची, राहिली तर डोंगराची.” एका सीनियरकडे जानेवारीतला रन होता. रात्री घरी येऊन त्यावर तीच स्क्रिप्ट चालवली. आभाळ निरभ्र, पावसाचा थेंब नाही, आणि पट्टी जशीच्या तशी. मग मॉडेलच्या जमिनीच्या उंचीचा नकाशा शेजारी ठेवला. दोन्ही चित्रांत एकच सह्याद्री होता.

काकांनी सांगितलेली ही कसोटी मी आजही सगळ्यांना सांगते. तुमच्या नकाशात जे दिसतंय ते पूर्णपणे वेगळ्या हवेच्या दिवशीही तिथेच दिसत असेल, तर आधी जमिनीकडे बोट दाखवा, हवेकडे नंतर.

मार्गदर्शकांबद्दल माझं एक ठाम मत इथेच बनलं. शाबासकी देणारा गाइड मिळणं हे नशीब नाही. ‘कुठल्या दाबाला?’ असं विचारणारं माणूस मिळणं हे नशीब. तसं माणूस विद्यापीठातच असेल असंही नाही. पुण्यात निवृत्त निरीक्षक, जुने फोरकास्टर, पाषाणच्या आयआयटीएममधून निवृत्त झालेली मंडळी गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे जा, नकाशे घेऊन जा. त्यांना पायथन येत नसेल, पण ८५० हेक्टोपास्कलचा वारा जुलैत कसा असतो हे त्यांच्या बोटांत आहे.

आता दुरुस्ती. ती सोपी आहे, घाबरू नका. दाबाच्या किंवा उंचीच्या ठरावीक पातळीवर इंटरपोलेशन करायचं, म्हणजे खालच्या-वरच्या लेव्हलमधून त्या पातळीचा आकडा काढायचा. डब्ल्यूआरएफ-पायथन या लायब्ररीत ‘गेटव्हार’ने दाब आणि तापमान काढायचं, मग ‘इंटरप्लेव्हल’ला तापमान, दाब आणि हवी ती पातळी द्यायची. तीन ओळींचं काम. एकच सांभाळा: ‘पी’ मागितलंत तर पास्कलमध्ये मिळतं, ‘प्रेशर’ मागितलंत तर हेक्टोपास्कलमध्ये. पास्कल घेऊन ९२५ मागाल तर नकाशा रिकामा येईल आणि तुम्ही तासभर रंगपट्टीशी झटत बसाल. स्वतः कच्च्या फाइलमधून काढणार असाल तर दाब ‘पी’ आणि ‘पीबी’ या दोघांची बेरीज आहे, ‘टी’ हे तापमान नसून पोटेन्शियल टेम्परेचरमधून ३०० वजा केलेला आकडा आहे, आणि उंची ‘पीएच’ अधिक ‘पीएचबी’ भागिले ९.८१ अशी येते, तीही लेव्हलच्या मध्यावर नाही तर कडांवर.

मी हे केलं, ९२५ चा नकाशा आला, पट्टी गेली. तिच्या जागी पांढरं भोक होतं. माझी दुसरी चूक इथे सुरू झाली. पहिलीपेक्षा ती मला जास्त लागते, कारण पहिली अज्ञानातून झाली होती, दुसरी घाईतून.

ते भोक म्हणजे घाट. ९२५ हेक्टोपास्कलची पातळी साधारण सातशे-साडेसातशे मीटरवर असते. जिथे जमीन त्याहून उंच आहे तिथे ही पातळी जमिनीच्या पोटात जाते. तिथे हवा नाही, वारा नाही, तापमान नाही. सॉफ्टवेअरने प्रामाणिकपणे ‘इथे काही नाही’ म्हणून सांगितलं होतं. पण सबमिशनला पंधरा दिवस राहिले होते, भोकं असलेला नकाशा अर्धवट वाटत होता, आणि लॅबमधल्या एकाने सांगितलं, “सीडीओमध्ये फिलमिस आहे, एका ओळीत भरून निघतं.” सीडीओ हे डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर, फिलमिस ही त्यातली रिकाम्या जागा भरणारी आज्ञा. भरून निघालं. शेजारच्या बिंदूंवरून गुळगुळीत आकडे भरले गेले. त्यावर वाऱ्याचे बाण काढले, तर कोकणातून निघालेला वारा डोंगराच्या आतून सरळ साताऱ्याला पोचत होता. मी तो नकाशाही प्रबंधात टाकला.

वर मला आधार होता तो ईआरए५ चा. तुलनेसाठी युरोपियन हवामान केंद्राचा हा रीअनॅलिसिस डेटा (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेली जुन्या हवेची नोंद) सगळेच वापरतात. ०.२५ अंशाचं ग्रिड, १००० पासून १ हेक्टोपास्कलपर्यंत ३७ पातळ्या. त्यातला ९२५ चा नकाशा काढला तर त्यात भोकं नव्हती. मला वाटलं, एवढ्या मोठ्या केंद्राच्या डेटात घाटावर ९२५ ला आकडे आहेत, म्हणजे माझं भरणंही योग्यच. नाही. ईआरए५ मध्ये जमिनीखालच्या पातळ्यांवर एक्स्ट्रापोलेशनने, म्हणजे वरच्या आकड्यांवरून अंदाजाने, काढलेले आकडे भरलेले असतात. सरासरी साडेचार हजार मीटर उंचीच्या तिबेटच्या पठारावर, जिथे पृष्ठभागाचा दाबच ६०० हेक्टोपास्कलच्या आसपास आहे, तिथेही तुम्हाला ८५० चं तापमान आणि ८५० चा वारा मिळेल. जमिनीखाली तीन किलोमीटर! ते आकडे भरण्यामागे त्यांची कारणं आहेत, सलग क्षेत्र लागणारी गणितं असतात. पण म्हणून तिथे हवा आहे असं होत नाही. नासाच्या मेरा-२ या तशाच डेटात अशा जागा कोऱ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही डेटा शेजारी ठेवले की हा फरक एका नजरेत कळतो. मी ठेवले नव्हते.

करायचं ते असं. पृष्ठभागाचा दाब वेगळा डाउनलोड करा. जिथे तो तुमच्या पातळीच्या दाबापेक्षा कमी आहे तिथे आकडे पुसा. पृष्ठभागाचा दाब पास्कलमध्ये येतो, म्हणजे तुलना ९२५०० शी करायची. आणि पुसलेल्या जागेवर करडा रंग द्या, पांढरा नको. पांढरा रंग बघणाऱ्याला ‘मूल्य शून्य’ वाटतं, करडा रंग ‘इथे डोंगर आहे’ असं सांगतो. परीक्षकांनी भोकाबद्दल विचारलं तर ताठ मानेने उत्तर द्या. ते भोक तुमच्या कामाचा भाग आहे.

यातलाही एक पदर सांगायलाच हवा, कारण तो मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळला. महिन्याची सरासरी काढताना आधी पुसा, मग सरासरी काढा, आणि किती वेळा आकडा मिळाला तेही मोजा. सातारा-वाई पट्ट्याचं उदाहरण घ्या. तिथली जमीन सातशे-साडेसातशे मीटरवर, म्हणजे पृष्ठभागाचा दाब ९२५ च्या अगदी काठावर. जवळून कमी दाबाचं क्षेत्र गेलं की तो ९२५ च्या खाली उतरतो आणि त्या दिवसांचे आकडे पुसले जातात. उरतात ते शांत दिवस. मग तुमची ‘जुलैची सरासरी’ ही खरं तर जुलैतल्या बऱ्या दिवसांची सरासरी होते, आणि नेमके वादळी, पावसाचे दिवस त्यातून गळतात. अशा बिंदूंवर नव्वद टक्क्यांहून कमी वेळा आकडा मिळत असेल तर मी तो बिंदू करडाच ठेवते. नव्वद हा आकडा माझा, कुठल्या पुस्तकातला नाही.

मग कुठली पातळी घ्यायची? पश्चिम घाटासाठी सवयीने सगळे ८५० घेतात आणि त्यामागे चांगलं कारण आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा खालचा जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, साधारण दीड किलोमीटरवर असतो. द्वीपकल्पावरच्या या जेटबद्दल जोसेफ आणि रामन यांनी १९६६ मध्ये लिहिलं, १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासूनचा त्याचा प्रवास मांडला. जुलैत अरबी समुद्रावर ८५० ला सेकंदाला पंधरा-वीस मीटरचा वारा दिसला तर तुमचा नकाशा बरोबर रस्त्यावर आहे. पण लक्षात ठेवा, पावसाळ्यात ८५० ची उंची दीड हजार मीटरपेक्षा जरा खालीच असते आणि कळसूबाई १६४६ मीटर आहे, केरळातली अनाईमुडी २६९५. तुमच्या नकाशात कळसूबाईला मात्र बहुधा भोक पडणार नाही, कारण नऊ किलोमीटरच्या ग्रिडमध्ये कळसूबाई सपाट होऊन बसलेला असतो. ईआरए५ चा सह्याद्री तर त्याहून ठेंगणा. म्हणजे जमिनीखाली काय आहे हे खऱ्या डोंगरावरून ठरत नाही, मॉडेलच्या डोंगरावरून ठरतं. ईआरए५ चा वारा पुसायला डब्ल्यूआरएफची जमीन वापरू नका. ज्याचा वारा त्याचीच जमीन.

एवढं वाचून कुणी खचलं असेल तर थांबा. हे सगळं एकदाच शिकायचं असतं. मला ते शिकायला तीन महिने गेले कारण कुणी दाखवलं नाही. तुम्हाला एक दुपार पुरेल, आणि त्या दुपारी कोडपेक्षा चित्राने जास्त काम होईल. अमेरिकेतल्या एनसीएआर या वातावरण संशोधन केंद्राचं व्हेपर हे मोफत सॉफ्टवेअर डब्ल्यूआरएफच्या फाइल थेट उघडतं. त्यात जमीन चढवा, मग एक आडवा स्लाइस साडेसातशे मीटरवर ठेवा. उभी मिती वीस-तीस पटीने ताणावी लागते, नाहीतर हजार किलोमीटर रुंद डोमेनमध्ये सह्याद्री कागदाच्या सुरकुतीएवढाही दिसत नाही. ताणलीत की घाटाचे माथे त्या पातळीला भोसकून वर आलेले दिसतील. हळूहळू स्लाइस वर सरकवा. आठशे, हजार, बाराशे. माथे एकेक करून बुडत जातात. हे डोळ्यांनी एकदा बघितलेला माणूस परत नववी लेव्हल उचलणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल विचारणारे फार असतात, तर थोडक्यात. ग्रॅड्‌सला नकाशे काढायचं जुनं सॉफ्टवेअर म्हणून हिणवू नका. फाइल उघडली की ते कुठली पातळी धरलीय ते पडद्यावर लिहून दाखवतं, आणि नवशिक्याला ती आठवण चांगली. फक्त डब्ल्यूआरएफची फाइल त्याच्यासाठी तयार करताना एआरडब्ल्यूपोस्ट या रूपांतराच्या प्रोग्रामच्या नेमलिस्टमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘एक्स्ट्रापोलेट’ काय आहे ते बघा. ते चालू असेल तर जमिनीखालचे आकडे भरून येतील आणि तुम्हाला कळणारही नाही. एनसीएल ही नकाशे काढायची जुनी भाषा नव्याने शिकू नका, २०१९ पासून त्यात नवी भर पडत नाही, पण जुन्या एनसीएल स्क्रिप्ट वाचता येऊ द्यात, सगळ्या लॅबमध्ये त्याच पडून आहेत. बाकी पायथन.

सीनियरची स्क्रिप्ट मात्र आंधळेपणाने घेऊ नका. हे मी रागाने लिहितेय. माझी नववी लेव्हल अशीच एका स्क्रिप्टमधून आली होती, आणि ज्याने ती लिहिली त्याचं काम भर समुद्रावरच्या चक्रीवादळावर होतं. समुद्र सपाट असतो, त्याचं काही बिघडलं नाही. माझ्या डोमेनमध्ये सह्याद्री होता. स्क्रिप्ट घ्या, पण प्रत्येक ओळीला विचारा की ही कुणाच्या प्रश्नासाठी लिहिली होती. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडलाही हेच लागू. ते चालतं, नकाशा येतो, आणि कुठल्या पातळीवरचा ते तुम्ही विचारल्याशिवाय कोण सांगणार?

काही बारीक गोष्टी भराभर. ईआरए५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, त्यामुळे पायथनच्या एक्सअरेमध्ये १० ते २५ असा तुकडा मागितला तर रिकामं मिळतं, २५ ते १० मागा. २०२४ मध्ये डाउनलोडची यंत्रणा बदलली तेव्हापासून वेळेचं नाव ‘व्हॅलिड टाइम’ आणि पातळीचं ‘प्रेशर लेव्हल’ झालंय, जुनी स्क्रिप्ट तिथे अडखळते. पातळी निवडताना ‘निअरेस्ट’ लिहिण्याची सवय मोडा. जी पातळी फाइलमध्ये नाही ती मागितली तर चूक दाखवण्याऐवजी शेजारची उचलून देतं आणि शीर्षकात तुमचाच आकडा राहतो. डब्ल्यूआरएफचे ‘यू’ आणि ‘व्ही’ ग्रिडच्या दिशेने असतात, ‘यूव्हीमेट’ने खऱ्या पूर्व-उत्तरेला वळवून घ्या. मर्केटर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट मांडायची एक पद्धत) असेल तर फरक पडत नाही, लँबर्टमध्ये डोमेनच्या कडांना पडतो. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, असते. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, म्हणजे ०३ यूटीसी. ००ला बदलतो असं धरून ९४४ मिलिमीटरशी तुलना करू नका. आणि इंद्रधनुषी रंगपट्टी टाळा. तिच्यात पिवळ्या आणि हिरव्याच्या सीमेवर एक कडा दिसते जी डेटामध्ये नसते, आणि आधीच फसलेल्या डोळ्याला ती आणखी फसवते.

आता कुठलीही नवी फाइल हातात आली की तापमान किंवा वारा बघण्याआधी मी ज्या पातळीवर काप घेणार त्याच पातळीच्या उंचीचा नकाशा काढते, समुद्रसपाटीपासून किती मीटर आणि तिथल्या जमिनीपासून किती मीटर, असे दोन. दाबाची पातळी असेल तर पहिल्या नकाशात फार चढउतार नसतात, पाच-पन्नास मीटरचे उतार असतात आणि तेच तर वारा सांगतात. पहिल्याच नकाशात सह्याद्री दिसला तर मी तिथेच थांबते. दुसऱ्या नकाशात उणे आकडे आले तर ती जागा करडी करते. याला दोन मिनिटं लागतात. मुलाखतीला येणाऱ्या प्रोजेक्ट असोसिएटना आमच्याकडे जो नकाशा दाखवून ‘हा कशाचा?’ असं विचारतात, त्यात नेमकं हेच बघतात. उत्तर चुकलं तरी चालतं. पातळी विचारली की नाही, याकडे लक्ष असतं.

ज्यांचा प्रबंध आधीच छापून झालाय आणि हे वाचताना हातपाय गार पडलेत, त्यांच्यासाठी. मीही तिथेच होते. काकांना भेटले तेव्हा सबमिशनला तीन आठवडे होते, पहिली चूक दुरुस्त केली, चर्चेतली ती दोन पानं काढून टाकली. जमिनीत भरलेल्या आकड्यांची दुसरी चूक व्हायवाच्या आदल्या आठवड्यात, तिबेटचा नकाशा सहज बघताना कळली. रात्रभर झोप नाही. सकाळी गाइडना फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, किती आकृत्या? चार. किती दिवस लागतील? पाच. “कर मग,” म्हणाले. चार आकृत्या नव्याने काढल्या आणि शुद्धिपत्राचं एक पान जोडून व्हायवाला गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या एका पानावर घालवला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, साताऱ्यावर ९२५ जमिनीपासून किती उंच आहे. मला माहीत होतं. काही दिवशी थोडं वर, काही दिवशी खाली.